मास्तरांचे अकरा मंगळवार

"दस्ता लांब वाटतोय," मास्तर म्हणाले.

एंगेलबर्टने काउंटरवरचं हिरवं बनातीचं कापड उगाचच सारखं केलं. काही बोलण्याआधी मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, असं त्याच्या बायकोने त्याला सांगून ठेवलं होतं. तो सहापर्यंत पोचला.

"मागल्या मंगळवारी याच रायफलीचा दस्ता तुम्ही आखूड म्हणाला होता, मास्तर."

"मागल्या मंगळवारी माझ्या अंगात कोट नव्हता. आज आहे. कोटाची जाडी खांद्याशी येते की नाही? एवढं तुला मी शिकवलंय."

"शिकवलंय."

"मग?"

मग काहीच नाही. एंगेलबर्टने रायफल परत घेतली, कापडाच्या एका टोकाला ठेवली आणि दुसरी उचलून बोल्ट मागे ओढून, नळी रिकामी असल्याचं दाखवत त्यांच्या हातात दिली. हा नववा मंगळवार होता. जुलैच्या मध्यापासून दर मंगळवारी सकाळी दहाला मास्तर मागच्या अंगणात आपली जुनी जीप लावत, मागच्याच दाराने दुकानात शिरत, टोपी खुंटीला अडकवत आणि म्हणत, "हं, दाखव." आणि एंगेलबर्ट दाखवत असे. साडेअकराला ते टोपी घालून म्हणत, "बघू पुढच्या खेपेला." आणि जात.

डोंगरदरीतल्या सांक्ट क्विरिन गावात बंदुकांचं दुकान हे एकच. एंगेलबर्ट त्सेखनर तिथे एकोणतीस वर्षं काउंटरमागे उभा होता. तो कारागीर नव्हता. कारागिरीची परीक्षा द्यायचं त्याच्या मनात एकदा होतं, पण अर्ज भरायच्या वेळी आपल्याला ते जमणार नाही असं वाटून त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढे ती पँट धुवायला गेली. तो विकायचा, एवढंच. पण विकण्यात त्याचा हात धरणारं दरीत कोणी नव्हतं. गिऱ्हाईक दारातून कसं आत येतं, आधी भिंतीकडे बघतं की काउंटरकडे, हात खिशात आहेत की बाहेर, एवढ्यावरून त्याला कोणती रायफल शोभेल हे एंगेलबर्टला आतून कळायचं. हे तो कोणाला सांगत नसे. सांगितलं तर लोक हसतील, आणि कदाचित त्यांचं बरोबरही असेल, असं त्याला वाटे.

मास्तरांची रायफल त्याने पहिल्याच मंगळवारी ओळखली होती. अखंड दस्त्याची, म्हणजे नळीच्या टोकापर्यंत अक्रोडाचं लाकूड असलेली, आखूड, डोंगरात चढताना पाठीवर आडवी न होणारी. बोल्ट जुन्या पद्धतीचा, उचलून फिरवून मागे घ्यायचा. मास्तर आयुष्यभर तसलीच वापरत आले होते. आता फक्त नवी, त्याच जातीची सगळ्यात उत्तम. वीस मिनिटांचं काम.

मास्तरांनी तेव्हा ती खांद्याला लावली, तिच्यावरच्या दुर्बिणीतून चौकापलीकडे बघितलं, खाली घेतली आणि म्हणाले, "दुर्बिणीत धुकं आहे."

एंगेलबर्टने काच पुसली. दुसरी दुर्बीण चढवली. पुढच्या मंगळवारी तिच्यातही धुकं निघालं. मग जर्मनीची रायफल आणली. तिचा बोल्ट फिरवायचा नसतो, एका दमात सरळ मागे आणि सरळ पुढे. तरण्या पोरांना ती फार आवडते. मास्तर म्हणाले, हे शिवणयंत्र आहे. मग फिनलंडची आली. तिचा बोल्ट असा सरकायचा की एंगेलबर्ट दुकानात कोणी नसताना तो नुसताच मागेपुढे करत बसायचा. मास्तर म्हणाले, गुळगुळीत आहे, भरवसा वाटत नाही. चाप जड आहे म्हणाले म्हणून तो हलका करून घेतला, तेव्हा म्हणाले, आता हा शिंकलो तरी सुटेल. गालाखालचा उंचवटा जास्त झाला, मग कमी झाला. पट्ट्याची कडी वाजते. लाकडाच्या रेषा मनगटापाशी तिरक्या गेल्यात, तिथून ते फुटेल. यातलं काहीही खोटं नव्हतं, हेच एंगेलबर्टला जास्त टोचे. प्रत्येक खोट खरी होती, आणि कुठल्याही दुसऱ्या माणसाला ती खोट वाटली नसती.

"पिख्लरबाई विचारत होत्या," तो आता म्हणाला, "म्हणजे इस्टेटीकडून त्यांना पुन्हा फोन आला होता. कोणती ठरली म्हणून."

"इस्टेटीला घाई आहे?"

"सप्टेंबरचा शेवटचा शनिवार आता अडीच आठवड्यांवर आला, मास्तर. नळी निवडायची, मग मैदानावर नेऊन नेम बसवायचा, दस्त्यावर तुमचं नाव कोरायचं..."

"अडीच आठवड्यांत रोम बघून येतात लोक."

आतल्या खोलीतून पिख्लरबाईंच्या खुर्चीचा आवाज आला. बाई दुकानाच्या मालकीण. त्या बाहेर आल्या नाहीत, पण खुर्ची अशी सरकवली की ते बाहेर येण्यासारखंच झालं.

गोष्ट अशी होती. मास्तर अडतीस वर्षं इस्टेटीच्या जंगलाचे मुख्य शिकारी होते. हरणांची मोजणी, हिवाळ्यातला चारा, कोणता प्राणी मारायचा आणि कोणता ठेवायचा, सगळं त्यांच्या शब्दावर. शिवाय हिवाळ्यातल्या शनिवारी शाळेच्या व्यायामशाळेत ते शिकारीच्या परवान्याचा वर्ग घेत, म्हणून अख्खी दरी त्यांना मास्तर म्हणे. खाटीक, डॉक्टर, पाद्र्याचा भाऊ, सगळे त्यांच्या हातून पास झालेले. एंगेलबर्ट तिसऱ्या खेपेला पास झाला होता, आणि दोन्ही नापासांच्या वेळी मास्तरांनी त्याला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "तुला येतं सगळं. तू घाबरतोस, एवढंच."

आता ते निवृत्त होत होते. इस्टेटीने दुकानाला कळवलं होतं की त्यांनी हवी ती रायफल घ्यावी, मग ती कितीही उंची असो. आणि सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, लाल हरणांच्या माजाच्या दिवसांत, त्यांच्या निरोपाचा नर. वरच्या खोऱ्यातला चौदा टोकांच्या शिंगांचा तो म्हातारा नर मास्तरांनी नऊ वर्षं स्वतः राखला होता, कोणालाही मारू दिला नव्हता. तो त्यांनी नव्या रायफलीने पाडायचा, सगळ्या पाहुण्यांसमोर. शिकारीची शिंगं फुंकणारे शिंगवाले त्यांच्या सुरांचा सराव करत होते. मेजवानीचं आमंत्रण छापून झालं होतं.

फक्त रायफल ठरत नव्हती.

गावच्या खाणावळीत यावरून दोन तट पडले होते. एक सरळ बोल्टवाल्यांचा आणि एक फिरत्या बोल्टवाल्यांचा. एंगेलबर्ट दुपारी सूप घ्यायला गेला की खाटीक लोइझल लांबूनच विचारी, "काय रे, मास्तरांचं जमलं का? किती स्थळं नाकारली आत्तापर्यंत?"

"जेवू दे मला."

"नाही, मी म्हणतो, एकीची मान लांब, एकीचा रंग सावळा. म्हाताऱ्याच्या मनात कोणीतरी दुसरीच असणार."

"लोइझल, तुझ्या दुकानात कोणी नऊ आठवडे एकच सॉसेज हुंगत बसलं, तर तू काय करशील?"

"मी ते सॉसेज त्याच्या तोंडात कोंबीन."

सगळे हसले. एंगेलबर्टही हसला, पण त्याला सूप गेलं नाही.

दहाव्या मंगळवारी पाऊस येऊन गेला होता आणि चौकातले दगड चकचकत होते. सकाळी आठ वाजता चर्चच्या मनोऱ्यावर दोन माणसं दोरांना लटकून घड्याळाचे काटे उतरवत होती. काट्यांना सोन्याचा मुलामा द्यायचा होता. दुकान उघडताना एंगेलबर्टने ते जरा वेळ पाहिलं. मोठा काटा खाली आणताना एका बाप्याने तो लहान लेकरासारखा छातीशी धरला होता. मागे उरली ती नुसती पांढरी तबकडी आणि रोमन आकडे.

त्या घड्याळाशी दुकानाचं जुनं नातं होतं. दुकानात रायफल खांद्याला लावून बघायची तर नेम धरायला काहीतरी लागतं, आणि समोरच्या मोठ्या खिडकीतून बरोबर चौकापलीकडे ते घड्याळ दिसायचं. तीन पिढ्या दरीतल्या प्रत्येक माणसाने आपली रायफल त्या घड्याळावर नेम धरून घेतली होती. पाद्री दरवर्षी ईस्टरच्या आधी पिख्लरबाईंना पत्र लिहून विनंती करीत की देवाच्या घराकडे बंदुका रोखू नयेत, आणि बाई दरवर्षी उत्तर लिहीत की बंदुका रिकाम्या असतात आणि त्यानिमित्ताने का होईना, लोक चर्चकडे बघतात.

मास्तर दहाला आले, मागच्या दाराने. त्यांची कुत्री आल्मा जीपमध्येच होती. ते खूश दिसत होते, आणि त्याने एंगेलबर्टला उगाचच आशा वाटली.

"अखंड दस्त्याची दे," ते म्हणाले. "तूच म्हणत होतास ना पहिल्यापासून. दे. आज लावूनच टाकू निकाल."

एंगेलबर्टने ती दिली. मास्तरांनी पाय रोवले, रायफल खांद्याला लावली, गाल लाकडावर टेकवला. त्यांची ढब अशी होती की ती बघायला लोकांनी यावं. नळी जराही हलत नव्हती. ते बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिले.

"आता कसं," ते म्हणाले. "स्वच्छ. काच चांगली आहे ही. काटे असे दिसतायत की हात लावावा. दहा वाजून बारा मिनिटं."

एंगेलबर्टने खिडकीबाहेर बघितलं. तबकडी पांढरी आणि रिकामी होती. मग त्याने मास्तरांच्या डाव्या बाजूच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून बारा मिनिटं.

त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "बरोबर."

"मोठा काटा जरा वाकलाय टोकाशी."

"असेल."

मास्तरांनी रायफल खाली घेतली. एंगेलबर्टने ती त्यांच्या हातातून घेतली आणि तिच्याकडे बघत राहिला, जणू तिच्यावर काही लिहिलेलं होतं. नऊ आठवड्यांची चीड त्याच्या पोटात होती तशीच होती, पण आता ती कोणावर काढायची ते कळेना. लांब दस्ता, आखूड दस्ता, धुकं. सगळं धुकं मास्तरांच्या उजव्या डोळ्यात होतं. आणि आपण, ज्याला दारातून येणाऱ्या माणसाची चाल बघून त्याची रायफल कळते, नऊ आठवडे काचा पुसत बसलो.

"मग हीच लिहू?" त्याने विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला.

मास्तरांनी टोपी घातली. दाराच्या चौकटीला त्यांचा उजवा खांदा जरासा घासला.

"बघू पुढच्या खेपेला," ते म्हणाले.

संध्याकाळी त्याची बायको हर्मिने भोपळ्याच्या बियांचं तेल घालून बटाट्याचं सॅलड कालवत होती. एंगेलबर्टने तिला सगळं सांगितलं. तिने डाव न थांबवता ऐकून घेतलं.

"आणि तू बरोबर म्हणालास."

"काय म्हणणार होतो?"

"काटे नाहीत म्हणायचं."

"त्यांना? मला बंदूक कोणत्या हाताने धरायची ते ज्यांनी शिकवलं त्यांना मी सांगू की तुम्हाला दिसत नाही?"

"मग नको सांगूस. त्या शनिवारी सगळी दरी बघायला जमली असेल आणि ते त्या नराच्या पोटात गोळी घालतील. मग तो दोन दिवस झाडीत मरत पडेल. तेव्हा सांग. तेव्हा सोपं जाईल तुला."

"टोमणे मारू नकोस."

"मी मारत नाहीये. दहा आठवडे रोज रात्री जेवताना मी त्या रायफली ऐकतेय, एंगेलबर्ट. मला आता त्यांच्या चापाचं वजन पाठ आहे. त्या माणसाला काहीतरी सांगायचं होतं, आणि तू त्याला दर वेळी नवी दुर्बीण दाखवलीस."

तो बशीत बघत बसला. हिरवं तेल बटाट्यांवरून ओघळत होतं. ती म्हणतेय ते खरं असावं असं त्याला वाटलं, आणि मग वाटलं की तसं नसावं. मास्तरांना काही सांगायचंच नसेल, त्यांना फक्त अकरावा, बारावा, तेरावा मंगळवार हवा असेल. रायफल ठरली नाही तर तो शनिवार येणार नाही, असं काहीतरी. लहान मुलाचा हिशेब. पण मोठी माणसंही तसाच करतात.

दुसऱ्या दिवशी त्याने व्हिएन्नाच्या घाऊक व्यापाऱ्याला फोन करून एक रायफल मागवली. पिख्लरबाईंनी पावती वाचली आणि चष्मा खाली घेतला.

"डावखुरी? आपल्याकडे डावखुरं कोण आहे?"

"आहे एक गिऱ्हाईक."

"या दरीत डावखुरा फक्त तो सुतार होता, आणि तो वारला."

"बाई, नाही खपली तर परत पाठवीन. खर्च माझ्याकडे."

बाईंनी पावती घडी करून त्याला परत दिली. एकोणतीस वर्षांत हा माणूस असलं वाक्य बोलला नव्हता. त्या खुर्चीचा आवाज न करता आत गेल्या.

अकराव्या मंगळवारी एंगेलबर्टने काउंटरवर एकच रायफल ठेवली. बाकीच्या आत बंद केल्या. मास्तर आले, टोपी अडकवली आणि म्हणाले, "हं, दाखव." मग त्यांचं लक्ष कापडावर गेलं.

अखंड दस्ता, आखूड, अक्रोडाचं लाकूड. त्यांची रायफल, फक्त आरशात पाहिल्यासारखी. बोल्टची मूठ डावीकडे होती.

"ही कुणाची?"

"धरून बघा."

"मी विचारतोय कुणाची."

"मास्तर, धरून तर बघा."

त्यांनी ती उचलली. आधी सवयीने उजव्या खांद्याशी नेली, मग थांबले. मग सावकाश डाव्या खांद्याला लावली. साठी ओलांडलेला माणूस पहिल्यांदा सायकलवर बसावा तसे ते दिसत होते. डावा गाल लाकडावर टेकला. खिडकीतून त्यांनी चौकापलीकडे बघितलं, बराच वेळ. मग बोल्ट मागे घ्यायला हात गेला, तो उजवाच गेला, आणि जिथे चाळीस वर्षं मूठ असायची तिथे काहीच नव्हतं. त्यांची बोटं हवेत मिटली. त्यांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तोच हात, पुन्हा तीच जागा.

रायफल खाली आली.

"काटे नाहीत घड्याळाला," मास्तर म्हणाले.

"नाहीत."

"मागल्या मंगळवारीही नव्हते."

"त्याच सकाळी उतरवले."

"आणि तू बरोबर म्हणालास."

"हो."

"गाढव आहेस तू."

"हो, मास्तर."

त्यांनी रायफल कापडावर ठेवली आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसले. ते त्यावर कधी बसत नसत.

"उजव्या डोळ्यात मधोमध डाग आहे," ते म्हणाले. "बाजूचं दिसतं. डावा मिटला की तुझे कान दिसतात. तोंड नाही. ग्राझच्या डॉक्टरने सांगितलं की हा जाणार नाही, वाढेल तेवढा. डावा चांगला आहे, डावा तो म्हणतो राहील." त्यांनी गुडघ्यावरचं काहीतरी झटकलं. "गेल्या साली नोव्हेंबरात खालच्या रानात मी हरणाच्या एका मादीवर गोळी झाडली. ऐंशी पावलांवर. जबड्यात लागली. जबडा तुटला की जनावर मरत नाही, एंगेलबर्ट. त्याला खाता येत नाही, एवढंच. आल्माने तीन दिवसांनी शोधली. ती उभी होती. ओढ्यात तोंड घालून उभी होती."

एंगेलबर्टने कापडाची कड सारखी केली.

"वहीत मी चांगला नेम म्हणून लिहिलं. तेव्हापासून मी एकही गोळी झाडलेली नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही. मुख्य शिकाऱ्याला कोण विचारणार?"

"डाव्या हाताने सराव केला तर जमेल, मास्तर. मैदानावर जाऊ आपण रोज. मी येतो. दुकानाचं बघता येईल."

"किती दिवस?"

एंगेलबर्टला खोटं बोलायचं होतं. "एक वर्ष," तो म्हणाला.

"शनिवार कधी आहे?"

"चार दिवसांनी."

मास्तर हसले. पहिल्यांदाच, त्या सबंध उन्हाळ्यात. मग उठून त्यांनी डावखुऱ्या रायफलीच्या दस्त्यावरून एकदा बोटं फिरवली, रेषांच्या दिशेने, मनगटापाशी थांबून.

"इथे सरळ गेल्यात," ते म्हणाले. "चांगलं लाकूड आहे. परत पाठव." आणि टोपी घालता घालता, "जखमी जनावराच्या मागावर कुत्र्याला सोडायचा पट्टा असेल ना तुझ्याकडे? लांब. दहा मीटरचा. माझा आता तुटायला आलाय."

पट्टा होता. एंगेलबर्टने तो गुंडाळून दिला. दाराशी मास्तर म्हणाले की इस्टेटीला तेच फोन करतील, त्याने तोंड उघडायचं नाही. पिख्लरबाई बाहेर आल्या, काउंटरकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

"काय नेलं?"

"पट्टा."

"अकरा आठवडे," बाई म्हणाल्या. "आणि पट्टा."

शनिवारी शिंगवाले वाजवून गेले, मेजवानी झाली, पण नर पडला नाही. मास्तरांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की त्यांच्या उजव्या डोळ्याने आता नेम धरता येत नाही, रायफलीच्या जागी त्यांना एक परवानगी हवी: दरीत कोणाचंही जनावर जखमी होऊन पळालं तर ते शोधायला त्यांना आणि आल्माला बोलवावं, रात्री-अपरात्री, कुठल्याही रानात. जबड्याची गोष्टही त्यांनी सांगितली. लोइझल म्हणाला की त्यानंतर बराच वेळ काट्याचमच्यांचा आवाज आला नाही. खाणावळीत मग काही दिवस कुजबुज होती. कोणी म्हणे एवढं सांगायची काय गरज होती. कोणी म्हणे म्हाताऱ्याची हौस फिटली. एंगेलबर्ट सूप घेत होता आणि यात पडत नव्हता.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, संधिप्रकाश अजून पुरेसा आहे असं स्वतःला पटवून, एंगेलबर्टने एका मादीवर गोळी झाडली. ती उडी मारून खालच्या झाडीत गेली. तो तसाच उभा राहिला. मग घरी जाऊन त्याने मास्तरांना फोन केला. मास्तर म्हणाले, "आता काही करू नकोस. सकाळी सातला," आणि ठेवला.

सकाळी जमिनीवर बर्फाचा पातळ थर होता. मास्तर आल्माला धरून गोळी लागली त्या जागी ओणवे झाले आणि नुसत्या बोटांनी पालापाचोळा चाचपू लागले.

"केस कापले गेलेत. हे बघ, छोटे. पोटाचे नव्हेत. फुफ्फुसाच्या मागे लागलीय. किती पावलांवरून?"

"एकशे सत्तर."

"उजेड किती होता?"

"कमी होता."

"किती कमी?"

"मला दिसत नव्हतं नीट," एंगेलबर्ट म्हणाला.

"हं," मास्तर म्हणाले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

आल्मा निघाली. नवा पट्टा ताठ झाला आणि मास्तर तिच्या मागे, झाडीतून, उतारावरून, ओढ्याच्या कडेने. एंगेलबर्ट त्यांच्या उजव्या बाजूने चालत होता. फांदी आली की तो काही न बोलता हाताने ती दूर धरी आणि त्यांच्या मागून सोडून देई. दोनदा माग हरवला, दोन्ही वेळा कुत्री मागे फिरली, वर्तुळ घेतलं, आणि मास्तर पट्टा बोटांमधून सोडत थांबून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. असे ते एंगेलबर्टने दुकानात कधी पाहिले नव्हते.

मादी ओढ्याच्या वळणावर पडलेली होती. रात्रीच मेली होती. फार लांब गेली नव्हती. मास्तरांनी तिच्या डोळ्याला हलकं बोट लावून पाहिलं, मग आल्माच्या मानेवर हात ठेवला आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाले.

मग ते उठले. जवळच्या स्प्रूसच्या झाडाची एक डहाळी त्यांनी मोडली, जखमेवरून हळूच ओढली आणि डोक्यावरची टोपी काढून ती डहाळी टोपीवर ठेवली. जनावर पाडणाऱ्याला ती डहाळी अशी टोपीवरून द्यायची असते, आणि त्याने ती घेऊन तिचा एक तुकडा शोधणाऱ्याला परत द्यायचा असतो. एंगेलबर्टला ती नको होती. असल्या नेमाला कसली डहाळी. पण मास्तर उघड्या डोक्याने ताठ उभे होते, वर्गात उभे राहायचे तसे, आणि त्यांनी टोपी पुढे केली.

टोपी थांबली ती एंगेलबर्टच्या हातापासून वीतभर अलीकडे. एकाच डोळ्याने अंतर मोजणाऱ्या मास्तरांना ते कळलं नव्हतं. ते वाट बघत होते.

एंगेलबर्टने एक पाऊल पुढे टाकलं आणि डहाळी घेतली.